पात्र जोडपे

मावशी दुधाचा हिशेब ज्या वहीत लिहिते ती वही सरकारी आहे. निवृत्त होताना उपकेंद्राच्या कपाटात कोऱ्या पडलेल्या दोन वह्या तिने पिशवीत टाकल्या, एवढाच काय तो तिचा छत्तीस वर्षांतला भ्रष्टाचार. लांबट आकार, जाड पुठ्ठा आणि वर छापलेलं नाव : ‘पात्र जोडप्यांची नोंदवही’. आत रकाने. पतीचे नाव, पत्नीचे नाव, पत्नीचे वय, हयात मुलगे, हयात मुली, शेवटच्या अपत्याचे वय, वापरात असलेली पद्धत, शेरा. ‘पत्नीचे वय’ या रकान्यात आता सकाळचं दूध असतं आणि ‘शेरा’मध्ये गवळ्याचे खाडे.

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. कोरेगावकडून वाघ्या घेवड्याचं अर्धं पोतं आलं होतं आणि आम्ही चादर पसरून निवडायला बसलो होतो. मावशी, मी आणि माझी धाकटी बहीण. बहिणीचं तालुक्याच्या गावाला औषधाचं दुकान आहे. तिने सहज म्हणून ती वही उघडली आणि दुपार कामाला लागली.

“मावशी, यात बिनलग्नाच्या मुलीला रकानाच नाही.”

“जोडप्यांची वही आहे ती. कशाला असेल?”

“तेच म्हणतेय मी. आणि पहिलं नाव पतीचं. तांबी बसवायची बाईला, गोळी गिळायची बाईने, टाके पडायचे बाईला, आणि वहीत ती दुसऱ्या रकान्यात.”

“तू दुकानात बसून रकाने मोज,” मावशी म्हणाली. “मी त्या वह्या डोक्यावर घेऊन ओढे ओलांडलेत.”

हे खरं आहे. मावशी 1978 साली एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून लागली, तेव्हा वय बावीस. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. नसबंदी हा शब्द गावात उच्चारायची सोय नव्हती. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या जवळजवळ 62 लाख पुरुषांच्या होत्या. आपल्या राज्याने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक 1976 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो. पुढच्या वर्षी देशाचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळला आणि खात्याच्या पाटीवरचं ‘नियोजन’ पुसून तिथे ‘कल्याण’ आलं.

“पांढरी साडी लांबून दिसली की गडीमाणसं उसात पळायची,” मावशी सांगते. “म्हातारी दारात उभी राहून ओरडायची, घरात कुणी न्हाई, सगळी पंढरपूरला गेल्यात. आणि आत लेकरू रडत असायचं.”

“मग तू काय करायचीस?”

“ओट्यावर बसायची. लेकराला लस टोचायची, गरोदर बाईच्या पायाची सूज बघायची. सहा महिने कुटुंबनियोजनाचं नावसुद्धा नाही काढलं. सातव्या महिन्यात त्याच म्हातारीने सुनेला मागच्या दाराने माझ्याकडे धाडलं. पाचवं होतं तिच्या पोटात. म्हणाली, हे होऊ द्या, पर ह्याच्या म्होरं काय तरी बघा.”

बहिणीने घेवड्यातला खडा उचलून बाजूला ठेवला. “म्हणजे गडी उसात पळाले आणि बाया हाताला लागल्या.”

मावशीने चाळणी खाली ठेवली.

वाक्य लागायचं तिथे लागलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आणीबाणीआधी निदान शस्त्रक्रियांच्या आकड्यांत पुरुष होते. आणीबाणीने त्यांना इतकं घाबरवलं की ते त्या यादीतून गेले ते गेलेच. पुढची सगळी सरकारं पुरुषाच्या वाटेला न जाता बाईकडे वळली, कारण ती मतपेटीपर्यंत राग नेत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली होती आणि 0.3 टक्के स्त्रियांच्या नवऱ्यांची. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या बायकांची. त्याच पाहणीत तीनातल्या एकाहून जास्त पुरुषांनी ‘गर्भनिरोध ही बायकांची बाब, पुरुषाने त्याची चिंता करू नये’ या म्हणण्याला होकार दिला. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस चालत घरी जातो, वर सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त पैसे देतं. तरी कोणी येत नाही. उसातून अजून कोणी बाहेर आलेलं नाही.

“तू का गप्प?” बहीण माझ्याकडे वळली. “दादा, तुझं काय?”

मला दोन मुलं आहेत. धाकट्याच्या वेळी सिझर झालं तेव्हा ‘पोट उघडलंच आहे तर’ म्हणून बायकोचं ऑपरेशन त्यातच उरकून घेतलं. उरकून घेतलं हाच शब्द आमच्या घरात वापरला जातो, बँकेच्या कामासारखा. मी काही तरी पुटपुटलो की तिला विचारूनच केलं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“मला विचारलं होतं हो. ह्यांना कुणी विचारलं नव्हतं.”

पुढची पाच मिनिटं मी फार मन लावून घेवडा निवडला.

मावशीने माझी सुटका केली, पण माझ्यासाठी नव्हे. तिला तिचं म्हणणं मांडायचं होतं. “हे बघ, तुम्हा शिकलेल्या पोरींना ऑपरेशन म्हटलं की सरकारने बाईवर केलेला जुलूम दिसतो. मी काय बघितलंय? सातवं बाळंतपण झालेली बाई, रक्त पांढरं पडलेलं, चालताना अंग बाहेर येतंय, आणि नवरा रात्री दारू पिऊन येतोय. तिला तू निरोध देणार? कुणाच्या जिवावर? तिला तू रोजची गोळी देणार? ती डोंगरावर गवत कापायला पहाटे जाते, तिला वार आठवत नाही. तिला मी म्हटलं, एक दिवस ये, मी जीप आणते, मी बरोबर राहते, संध्याकाळी घरी सोडते, नंतर जन्मात भीती नाही. ती रडली माझ्या गळ्यात पडून. त्याला तू टार्गेट म्हण.”

“टार्गेट नव्हतं?”

“होतं. मार्चएंडला झोप नसायची. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना केसेस आणायच्या असायच्या. एका बाईवर तिघांचा हक्क. ही माझी केस, ही माझी केस. एकदा एका मास्तराने माझ्या जीपमधनं केस उतरवून स्वतःच्या एस्टीत बसवली.” मावशी हसली, आणि हसता हसता थांबली.

मग ती शिबिराबद्दल बोलू लागली. हे ती फारसं बोलत नाही. जानेवारीचे दिवस, प्राथमिक आरोग्य केंद्राचा लांब व्हरांडा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्यानंतरचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातला काळ. सर्जन जिल्ह्याहून अकरा वाजता यायचे, बाया सकाळी सातपासून उपाशी. थंडीने काकडणाऱ्या, कडेवर तान्ही. प्रत्येकीच्या मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने नंबर. तो नंबर लिहायचं काम मावशीचं. पोटात हवा भरायची, दुर्बीण घालायची, रिंग टाकायची, की पुढची. टेबलावरून उतरवलेल्या बाया सतरंजीवर ओळीने, एका घोंगडीखाली दोघी दोघी. संध्याकाळी मोजायच्या, कारण ज्या बाईचा मोबदल्याचा अंगठा राहिला ती हिशेबात राहत नाही.

“एकदा एकेचाळीस नंबर,” मावशी म्हणाली, “हलवली तर डोळे उघडेना. घामाने चिकटपट्टी सुटून आलेली. मला तिचं नाव आठवेना. नंबर आठवतोय, नाव नाही. मी तिला एकेचाळीस, एकेचाळीस म्हणून हाका मारत होते.”

“मग?”

“उठली. दहा मिनिटांनी उठली. सरबत मागितलं.”

कोणी काही बोललं नाही. मावशी मे 2014 मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर 13 बाया दगावल्या. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी मावशीकडे होतो. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं.

बहिणीने मग अवजड तोफ काढली : रघुनाथराव कर्वे. तिच्या दुकानात गल्ल्याच्या मागे त्यांचा फोटो आहे, लक्ष्मी-गणपतीच्या शेजारी. निरीश्वरवादी माणसाची ही सोय बघून मला दरवेळी गंमत वाटते.

“1921 साली त्या माणसाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकी गेली, खटले झाले. बायकोला बरोबर घेऊन ते काम केलं. 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांनी कधी म्हटलं का, की देशाची लोकसंख्या फार झाली म्हणून बायांनो पोट बांधा? ते म्हणत होते की बाईचं शरीर तिचं आहे, मूल कधी हवं ते तिने ठरवावं, आणि सुखावर तिचाही हक्क आहे. लग्न झालंय का, हे त्यांनी दारात विचारलं नसतं. तुमच्या खात्याने त्यांचं साधन घेतलं आणि विचार रस्त्यावर टाकला.”

“त्यांच्या केंद्रात बाया गेल्या किती?” मावशी शांतपणे म्हणाली. “मोठा माणूस. मी नाही म्हणत नाही. पण रबराची टोपी परदेशातून यायची, ती बसवायला घरात आडोसा लागतो, धुवायला पाणी लागतं. माझ्या वाडीत एका खोलीत नऊ माणसं निजायची. कर्वे वाडीत आले नाहीत. सरकार आलं. उशिरा आलं, आडमुठं आलं, पण पायी आलं. म्हणजे मी आले.”

इथे मला मावशीचं पारडं जड वाटलं, आणि अजून वाटतं. 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तो सभागृहाने फेटाळला. त्याआधी तीनेक वर्षं अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटून गेल्या होत्या; गांधीजी संयमाच्या पलीकडे यायला तयार नव्हते. शकुंतलाबाई परांजपे पुण्यात वर्षानुवर्षं हे काम करत राहिल्या, लोक नावं ठेवत राहिले. एवढी मोठी माणसं जिथे धडकून परतली, तिथे 1952 नंतर सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून दार उघडलं, जगात कुठल्याच देशाच्या सरकारने तोवर न उघडलेलं. दारातून आत गेल्यावर खोली एकच होती, ही बहिणीची तक्रार आहे. पण बाहेर पाऊस होता, हे मावशीला आठवतं.

बहीण मात्र पुस्तकातून बोलत नव्हती. तिच्याकडे गल्ल्यासमोरची माणसं आहेत. पुरुष निरोध मागतात ते पंख्याकडे बघून; नाव घेत नाहीत, ‘ते पाकीट’ म्हणतात, आणि वर एक खोकल्याची गोळी घेतात. बाया रिकामी स्ट्रिप पुढे करतात किंवा मोबाइलवरचा फोटो दाखवतात. गर्भपाताच्या गोळ्या ती ठेवत नाही. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नोंदी, तपासण्या, चौकश्या यांच्या धास्तीने कित्येक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलंय. कायद्याने मिळालेली गोष्ट कपाटातून कशी नाहीशी होते, त्याचा हा नमुना.

“माझ्याकडे एक बाई येते,” ती म्हणाली. “महिन्यातून तीनदा, चारदा. बहात्तर तासवाली गोळी घ्यायला. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, ही अडीअडचणीची गोळी आहे, नेहमी घ्यायची नाही. महागही पडते. त्यापेक्षा रोजची घ्या, माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तर म्हणते, रोजच्या गोळीचं पाकीट घरात ठेवायचं कुठं? सासू कपाट आवरते. ही एकच गोळी असते. तुमच्याच दुकानात पाण्याबरोबर गिळते आणि कागद तुमच्याच डब्यात टाकते.”

“मुलं किती तिला?”

“एक मुलगी. अडीच वर्षांची. घरच्यांना मुलगा हवाय, लगेच. तिला तीन वर्षं तरी थांबायचंय, नर्सिंगला जायचंय. आता सांग, तुझ्या वहीत ती कुठे बसते? तिला पाळणा थांबवायचा नाही, लांबवायचाय. तोही कुणाला न कळता.”

“अंतरा,” मावशी झटकन म्हणाली. “तीन महिन्यांतून एक सुई. कुणाला कळत नाही.”

बहिणीने हातातला घेवडा खाली ठेवला. “बघ. तुला माहितीये.”

“माहीत नसायला काय झालं? मी गेल्यावर आली ती, 2017 ला. छायाही तेव्हाच आली आठवड्याच्या गोळीची. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली, सहेली नावाने नव्वदीपासून बाजारात विकत मिळत होती. आमच्याकडे फुकटात यायला पंचवीस वर्षं गेली.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “सुईचं म्हणशील, तर महिला संघटनाच विरोधात होत्या तेव्हा. मोर्चे, कोर्टकचेऱ्या. तुझ्यासारख्याच शिकलेल्या.”

“होत्याच. आणि बरोबर होत्या. पाळी बिघडते, अंगावरून जातं, हे आधी सांगणारं आणि नंतर बघणारं कुणी नव्हतं. शिबिरात एकेचाळीस नंबर चिकटवणारी यंत्रणा हातात सुई घेऊन आली तर मीही विरोध केला असता. सुईत दोष नाही गं. पुढच्या तीन महिन्यांत त्या बाईला उत्तर देणारं कुणी आहे का, हा प्रश्न आहे.”

मावशी गप्प होती. बहिणीला काय वाटलं कोण जाणे, तिने एकदम विचारलं, “मावशी, तुझं कधी झालं ऑपरेशन?”

घरात इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्या मावसभावंडांत सहा वर्षांचं अंतर आहे, त्याचंही कधी कुणाला नवल वाटलं नव्हतं.

“माझं ऑपरेशन झालं नाही,” मावशी म्हणाली. “मला तांबी होती. थोरल्यानंतर बसवली. काढली, धाकटी झाली, परत बसवली. मग एकदा बदलली. पन्नाशीत काढून टाकली.”

“आणि बायांना?”

“बायांना ऑपरेशन सांगितलं.”

“का?”

इथे मला वाटलं होतं की मावशी टार्गेटचं नाव घेईल. तांबीही मोजली जायची, पण साहेबांच्या बैठकीत पहिला प्रश्न ऑपरेशनचाच असायचा, हे तिने पूर्वी सांगितलं होतं. तिने ते नाव घेतलं नाही.

“कारण मी नर्स होते,” ती म्हणाली. “मला माझी तांबी कळत होती. धागा हाताला लागतो का, बघता येत होतं. एकदा अंगावरून फार गेलं तर दुसऱ्या दिवशी मी आमच्या मॅडमना दाखवलं, रजा टाकली, घरात पडून राहिले. पगार चालू. कारखान्याच्या मागे कोप्या पडायच्या ऊसतोडवाल्यांच्या, बीडकडनं आलेल्या. त्यातल्या एकीला मी तांबी बसवली होती. पहिल्याच वर्षी, उत्साहात. महिन्याने गेले तर टोळी दुसऱ्या कारखान्यावर. पुढच्या हंगामात तिची जाऊ भेटली. म्हणाली, तिला लई जायला लागलं, खाडा धरला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून तशीच मोळ्या उचलत राहिली. मग कुठल्या तरी दवाखान्यात ओढून काढली. त्या दिवसापासून मी ठरवलं, ज्या बाईला मी उद्या भेटणार नाही तिच्या पोटात काही ठेवून यायचं नाही. ऑपरेशन एका दिवसाचं असतं. एक दिवस मी तिच्याबरोबर राहू शकत होते. दहा वर्षं राहू शकत नव्हते.”

मला वाटतं, त्या दुपारी बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं, आणि गंमत म्हणजे दोघींचंही म्हणणं त्यात होतं. गोळी, सुई, तांबी यांना मागे एक चालता दवाखाना लागतो. महिन्याने, तीन महिन्यांनी, रात्री अंगावरून जाऊ लागलं तर उद्या सकाळी. तो आम्ही बांधला नाही. जिथे दहा वर्षांची सोबत हवी होती तिथे एक दिवसाची जीप पाठवली, आणि मग आकडे दाखवून म्हटलं की आमच्या बायांना शस्त्रक्रियाच आवडते.

“पटतंय मला,” बहीण बऱ्याच वेळाने म्हणाली. “पण मावशी, त्या बाया पंचविशीत होत्या. सोय आपल्याकडे नव्हती आणि निर्णय त्यांचा कायमचा झाला. एखादीचं लेकरू गेलं असेल. एखादी नवऱ्याला सोडून दुसरीकडे नांदायला गेली असेल.”

“गेलं होतं. एकीचं गेलं होतं, विहिरीत.” मावशीने एवढंच सांगितलं. विचारायची हिंमत आम्हाला झाली नाही.

“आणि त्याच बीडच्या बाया,” बहिणीचा आवाज आता चढा नव्हता, “2019 मध्ये सरकारच्याच समितीने तपासल्या तर 82 हजारांवर बायांत 13 हजारांवर बायांची गर्भपिशवीच काढलेली. दुखतंय, जातंय, पांढरं जातंय, तर काढून टाका. तिथेही तेच. रोज बघणारं कुणी नाही, एका दिवसात कापणारं आहे.”

मावशीने मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची, सांगता येणार नाही.

आत चहा ठेवल्याचा वास आला. मावशीने वही स्वतःकडे ओढली, छापील रकान्यांवरून बोट फिरवलं. “एक सांगते. सासूची, नवऱ्याची सही लागते असं आम्ही बायांना सांगायचो. लागत नाही. नियमात तिची एकटीची संमती पुरते. मला माहीत होतं. पण नंतर नवरा कोयता घेऊन उपकेंद्रावर यायचा, ते कोण निस्तरणार? म्हणून सांगायचो.”

“आणि बिनलग्नाची?”

“तिला ऑपरेशन नाहीच. लग्न झालेलं हवं, बावीस वर्षं पुरी हवीत, एक मूल वर्षाच्या वरचं हवं.”

“मी ऑपरेशनचं विचारत नाहीये. गोळीचं विचारतेय. निरोधचं. गर्भपाताच्या कायद्यात आता ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द राहिले नाहीत. 2021 पासून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहे. 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला वेगळं काढता येणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे मुलगी अडकल्यावर कायदा तिच्याकडे बघतो. अडकण्याआधी तिच्या दारात आशाताई जाते का?”

“जाऊन काय सांगेल?” मावशी आता पुन्हा जुन्या मावशीसारखी ताठ झाली. “अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर, की बाई हे पाकीट घे? दुसऱ्या दिवशी आशाताईचं गावात फिरणं बंद. तुम्ही लोक कायदे वाचता, आम्हाला गावात राहायचं असतं. आणि मला विचारशील तर, लग्नाआधी कसली गोळी नि काय. आईबाप शिकायला पाठवतात ते…”

बहिणीचा फोन वाजला. दुकानातून होता. तिथे डी. फार्म. झालेला एक पोरगा ती नसली की बसतो. हातात घेवड्याची धूळ, म्हणून तिने स्पीकर लावला.

“मॅडम, एक मुलगी आलीय. कॉलेजची वाटते. बहात्तर तासवाली मागतेय. एकटीच आहे. रडल्यासारखी दिसतेय. देऊ ना?”

“दे. त्याला चिठ्ठी लागत नाही. काही विचारत बसू नकोस, आत स्टुलावर बसव, पाणी दे. किती तास झालेत तेवढं फक्त विचार, आणि जास्त झाले असतील तर मला सांग.”

पलीकडे कुजबुज झाली. “कालच रात्रीचं म्हणतेय.”

“चालेल. दे.”

ती फोन ठेवणार एवढ्यात मावशी चादरीवरून पुढे सरकली, तिने बहिणीचं मनगट धरून फोन स्वतःकडे वळवला आणि उपकेंद्रातल्या आवाजात म्हणाली, “अरे, तिला सांग, दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागेल. पाळी आठवडाभर पुढेमागे होईल, घाबरायचं नाही म्हणावं. आणि आठवड्याच्या वर लांबली तर तपासून घ्यायचं, लपवायचं नाही. कळलं का? नीट सांग. हळू आवाजात सांग. दुकानात दुसरं कोण आहे?”

“कोणी नाही, आजी.”

“मग ठीक आहे. काही खाल्लंय का तिने विचार.”